चारशे लिटर समुद्र

३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी टाकी २५.४. दिवाणखाना १४.

ही वही टाकीसाठी काढली. रेडिओवर सांगताहेत की असली थंडी या भागात पन्नास वर्षांत पडली नव्हती आणि अजून आठवडाभर तरी हटणार नाही. इथल्या घरांना थंडी ठाऊकच नाही. भिंती पातळ, खिडक्यांच्या फटींतून वारा शिट्ट्या घालतो. अशा घरात चारशे लिटर समुद्र पंचवीस अंशांवर ठेवायचा आहे. दिवसातून तीनदा आकडा लिहायचा असं ठरवलंय. आकडे लिहिले की माणूस घाबरत नाही.

टाकीत आजमितीला: जोकर माशांची जोडी, एक पिवळा मासा, लाल पट्ट्यांची कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांच्या तेवीस वसाहती. सगळ्यात जुनी अकरा वर्षांची. अंगठ्याएवढा तुकडा आणला होता, आता कोबीच्या गड्ड्याएवढी झाली आहे. पाणी वीसच्या खाली गेलं की प्रवाळ आक्रसतात आणि दोन-तीन दिवसांत नुसती पांढरी हाडं उरतात.

ही आज सकाळच्या बसनं बहिणीकडे निघाली होती. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलाय, बस रद्द. दोन मोठ्या बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन थांब्यावरून परत आली. मी म्हटलं, "अगं, चार दिवसांसाठी शिवणयंत्र कशाला?" म्हणाली, "लागेल." बायकांच्या सामानात पुरुषानं डोकं घालू नये. बॅगा दाराशीच आहेत, उघडल्यासुद्धा नाहीत. एका अर्थी बरंच झालं. अशा दिवसांत घरात दोन माणसं हवीत.

४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी २५.१. दुपारी २४.६. संध्याकाळी २४.०. दिवाणखाना ९.

विजेचं वेळापत्रक लागलं. चार तास आहे, चार तास नाही. इन्व्हर्टरवर पंप चालतो, पण दोन्ही हीटर त्याला झेपत नाहीत. वीज गेली की पारा तासाला अर्धा अंश उतरतो. वीज आली की चढायला दुप्पट वेळ. हा हिशोब तोट्याचा आहे हे कळायला गणित यायला नको.

टाकीला तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावला, वरून रजया गुंडाळल्या. जाड रजई सापडेना, म्हणून हिचं कपाट उघडलं. आत काहीच नाही. नुसते हँगर आणि तळाशी ती एक रजई. पटकन सापडली. एरवी हिच्या कपाटात वस्तू शोधायची म्हणजे नाकीनऊ येतात.

कामाचं म्हणाल तर मागच्या खोलीत बसवत नाही. मी कवळ्या बनवतो. मेण हाताळायला बोटं नरम लागतात, आणि इथं बोटांच्या काड्या झाल्यात. शेल्फावर अठरा कवळ्या मांडल्यात. थंडीनं माझी दातखिळी बसायची वेळ आली, त्यांना काही नाही. दातांच्या डॉक्टरांचा फोन आला, की एक आजोबा आठ दिवस सूपवर आहेत. म्हटलं, आणखी आठ दिवस राहू देत. माझ्याकडे जिवंत जीव आहेत.

स्वयंपाकघरात ही फोनवर बोलत होती. "हो, रस्ता उघडला की लगेच. खोली तेवढी ठेवा माझ्यासाठी." बहिणीच्या घरी राहायला खोली राखून ठेवायला सांगावं लागतं! मोठ्या घरचे थाट.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी २३.२. दुपारी २२.७.

आज फार वाईट झालं. जसं झालं तसं लिहितो.

वीज नव्हती तेव्हा मोठा हीटर पुसायला म्हणून बाहेर काढला आणि टाकीच्या कडेला ठेवला. त्याच्यावर मिठाचा थर बसला होता. तेवढ्यात बाटल्यांसाठी पाणी उकळलं म्हणून ही हाक मारायला लागली. (गरम पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत ठेवतो. तेवढाच आधार.) मी आत गेलो, आणि वीज वेळेच्या आधी आली. परत येऊन बघतो तर हीटर हवेत तापून लाल. घाईघाईनं पाण्यात सोडला. काच ताडकन फुटली.

मी हिच्यावर ओरडलो. "बटण कुणी चालू ठेवलं? हाक कशाला मारलीस?" ही काही बोलली नाही. बाटल्या एकेक करून पाण्यात सोडत राहिली. बटण मीच चालू ठेवलं होतं. हे मी तिला सांगितलेलं नाही. इथं लिहितोय.

आता एकच हीटर उरला, तोही धाकटा. माशांच्या दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "काका, गावातला शेवटचा हीटर काल गेला. आणि असता तरी आणणार कसे? माझ्या गल्लीत माणसं भिंत धरून चालतायत." हीटर नाही, बस नाही, दुकान नाही. दिवाणखान्यातून खिडकीशी जायचं, खिडकीतून पुन्हा टाकीशी. एवढंच जग राहिलं आहे.

दुपारी खालच्या मजल्यावरचा वायरमन आला. त्याच्या घरात धुराडं असलेली जुनी लाकडाची शेगडी आहे, तिथं सगळी इमारत जमते म्हणे. हिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी चला खाली. नखं निळी पडलीत तुमची." मी म्हटलं, "ती गेली तर बाटल्या कोण बदलणार?" तो माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, खाली माणसं कुडकुडतायत आणि तुम्ही माशांना शेक देताय." चेष्टा करतोय असं वाटून मी हसलो. तो हसला नाही. ही म्हणाली, "राहू दे, भावजी. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

तिची ही गोष्ट मला आवडते. धीर सोडत नाही.

६ फेब्रुवारी, शनिवार

पहाटे २०.९.

हात टेकले होते. प्रवाळ मिटून मुठीसारखे झाले. पिवळा मासा एका कुशीवर पोहत होता आणि सकाळी गेला. मी टाकीसमोर खुर्ची घेऊन नुसता बसून होतो. ही कोट घालूनच झोपते, तशीच उठून आली. टाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, चारशे लिटर कशाला तापवताय? जीव आहेत किती? त्यांना पिंपात घ्या."

"कुठल्या पिंपात?"

"स्वयंपाकघरातल्या. साठ लिटरचं आहे. तुमचा धाकटा हीटर साठ लिटरला पुरून उरेल. खोली लहान, गॅस तिथंच. हे उरलेलं पाणी आहे, पाण्याला थंडी वाजत नाही."

अकरा वर्षं या विषयावर मासिकं वाचतोय मी. हे सुचलं नाही.

दोघांनी मिळून सगळं हलवलं. टाकीतलंच पाणी पिंपात घेतलं. प्रवाळ मी उचलत होतो, ही पिंपात दगडांवर मांडत होती. चक्क बरोबर मांडत होती: उजेडाचे वर, सावलीचे खाली, आणि जे एकमेकांना डंख मारतात ते लांब लांब. मी विचारलं, "तुला कसं कळलं?" म्हणाली, "घरातच राहते ना मी."

रात्री झोपताना पिंप २४.२. बाहेर उणे सहा. पिंपाला हिचीच जाड रजई गुंडाळली. फार दिवसांनी गाढ झोप लागली.

७ फेब्रुवारी, रविवार

पिंप २४.५, २४.३, २४.६.

आता आम्ही स्वयंपाकघरातच राहतो. मी, ही आणि पिंप. दार बंद, दाराच्या फटीत पोतं. खुर्ची सरकवायची तर दुसऱ्यानं उठावं लागतं. पंप गुरगुरतो, त्याशिवाय आवाज नाही.

आज एक नवलाची गोष्ट कळली. मी म्हटलं, "टाकी बनवणाऱ्यानं झाकण मात्र झकास केलंय. अकरा वर्षांत पाण्याची पातळी बोटभर उतरली नाही." ही कांदा चिरत होती. चिरायची थांबली.

"रोज सकाळी तांब्याभर पाणी कोण घालतं?"

"कोण घालतं?"

"गाळलेलं, बिनमिठाचं. पाणी उडतं, मीठ खाली राहतं. घातलं नाही तर आठ दिवसांत सगळे खारवून मरतील. तुम्हीच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतंत."

मला आठवत नाही. म्हटलं, "मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही आकडे लिहीत होतात," ती म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरायला लागली.

दुपारपासून हिला कणकण वाटतेय. खोकलाही आहे. या हवेत कुणाला नाही? संध्याकाळी बाटल्यांचं पाणी तिनंच उकळलं, पण पातेलं उचलताना हात थरथरत होता. म्हटलं, "जपून, पिंपात सांडेल."

८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पिंप २४.४.

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या टोकाच्या शहरात नोकरीला असते. तिकडे थंडी नाही. "बाबा, आई फोन का उचलत नाही?"

"झोपली आहे. ताप आहे थोडा."

"किती आहे?"

"थोडा."

"बाबा, थोडा म्हणजे किती? मोजलात का?"

मोजला नव्हता. मग ती म्हणाली, "टाकीचं तापमान किती आहे?"

"आता पिंपात आहेत. चोवीस पूर्णांक चार," माझ्या तोंडून निघून गेलं.

मग फार हळू म्हणाली, "बाबा, आईच्या कपाळाला हात लावा. आत्ता. मी फोनवर थांबते."

लावला. चटका बसला. ओठ सुकलेले, श्वास घरघरतोय. अंगावर कोट आणि चादर. रजई पिंपाला होती.

घरात तापाचं थर्मामीटर नाही. टाकीची तीन आहेत. खाली धावलो. वायरमनच्या बायकोनं वर येऊन ताप बघितला. एकशे तीन. जाताना माझ्या अंगावरून अशी गेली जणू मी दाराची चौकट आहे.

पिंपाची रजई मी सोडली. लिहायला लाज वाटते, पण सोडताना हात अडखळला. पाऊण तास वीज नव्हती आणि अजून सव्वातीन तास येणार नव्हती. मग तिला त्याच रजईत गुंडाळलं. वायरमननं एकीकडून धरलं, मी दुसरीकडून, आणि जिना उतरून त्यांच्या शेगडीशी निजवलं. ती बरळत होती. "बस चुकेल," एवढंच.

दवाखाना एरवी पाऊण तासाच्या चालीवर आहे. वायरमनला आणि मला दोन तास लागले. चपलांना सुतळ्या बांधल्या होत्या तरी मी तीनदा पडलो. डॉक्टरीणबाई औषधांची पिशवी घेऊन आमच्याबरोबर चालत आल्या. पाठीला नळी लावून म्हणाल्या, "फुप्फुसात उतरलंय. कालच बोलवायला हवं होतं. खोकला कधीपासून?"

वायरमनची बायको म्हणाली, "परवापासून. जिन्यात ऐकू यायचा."

मला कालपासून वाटत होतं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

एकशे दोन. दुपारी एकशे एक पूर्णांक चार. शेगडीशी बसून आहे. वर गेलो नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

सकाळी शंभर. तिनं अर्धी वाटी भात खाल्ला आणि विचारलं, "पिंप बघितलंत का?" म्हटलं, "नाही." म्हणाली, "बघून या. उगीच जीव टांगणीला लावून इथं बसू नका."

पिंप १७.८. कोळंबी गेली. जोकर माशांतला नर हीटरला चिकटून होता, हलवला तेव्हा कळलं. मादी तळाशी, पण कल्ले हलत होते. प्रवाळांतल्या तेरा वसाहतींवर शेवाळल्यासारखी बुळबुळ आली होती. अकरा वर्षांची वसाहत पांढरी पडली आहे. मी रडेन असं वाटलं होतं. रडू आलं नाही. गेलेले जीव काढले, पाणी बदललं, बाटल्या ठेवल्या आणि खाली आलो. ती म्हणाली, "मादी आहे ना?" म्हटलं, "आहे." "मग बाकीच्यांचंही होईल," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मला वाटतं, या थंडीनं एक चांगलं केलं. आम्हाला जवळ आणलं.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

ताप नाही. वीज दिवसभर होती. खिडकीवरचा बर्फ सुटून धबाधबा खाली पडतोय. हिला घरी आणलं. मी भात-वरण केलं, वरण करपलं, पण तिनं खाल्लं. मोठी टाकी पुन्हा तापत ठेवली आहे. सोमवारपासून बस सुरू होणार असं रेडिओवर सांगितलं. हिनं रेडिओचा आवाज मोठा केला होता.

१३ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मी सोमवारी जाते."

"जा की. पण अशक्तपणा आहे, आठ दिवस थांबून जा. बहीण कुठं पळून जाते?"

"बहिणीकडे नाही."

मग तिनं सांगितलं. किनाऱ्यावरच्या गावात मुलींचं वसतिगृह आहे. तिथं व्यवस्था बघायला बाई हवी होती. शिवण शिकवायचं, स्वयंपाकघरावर लक्ष ठेवायचं. राहायला खोली मिळते. तीन महिन्यांपूर्वी अर्ज केला होता, गेल्या महिन्यात पत्र आलं. "त्या दिवशी थांब्यावर उभी होते ती तिकडे जायलाच."

"किती दिवसांसाठी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. कवळी बसत नाही म्हणून माझ्याकडे परत येणाऱ्या माणसाकडे मी बघतो तसं. "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

दहा दिवस बॅगा दाराशी होत्या. कपाट रिकामं होतं. मी रोज त्या बॅगांना वळसा घालून बाटल्या नेत होतो.

मी म्हटलं, "टाकी उद्याच्या उद्या देऊन टाकतो. दुकानदाराला सांगतो, घेऊन जा म्हणून. फुकट."

"टाकीला कशाला मध्ये आणता?" ती म्हणाली. "टाकीनं माझं काही वाकडं केलं नाही. मी आले की मासे तरी काचेशी यायचे."

मग मी म्हणालो, आणि म्हणायला नको होतं, "मी दवाखान्यापर्यंत चालत गेलो. रजई काढून तुला दिली. मासे मेले."

"गेलात. ते मी विसरणार नाही." तिनं ताटं उचलली. "पण लेकीनं फोन केल्यावर गेलात."

ती ताटं घासत होती तेव्हा मी ही वही पहिल्यापासून वाचली. तिचं म्हणणं खोटं पाडेल अशी एखादी ओळ सापडते का बघत होतो. सापडली नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

लेकीला फोन केला. तिला सगळं माहीत होतं. अर्ज तिनंच भरून दिला होता. मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं का नाही?" म्हणाली, "आईनं तीनदा सांगितलं बाबा. एकदा तर माझ्यासमोर. तुम्ही टाकीत हात घालून बसला होतात, 'हं' म्हणालात."

संध्याकाळी म्हटलं, "मीही येतो तिकडे. खोली घेऊ दोघांना." ती म्हणाली, "नको." इतक्या साधेपणानं म्हणाली की पुढं विचारायला जागाच उरली नाही. मग म्हणाली, "गाळलेलं पाणी मोरीशेजारच्या बादलीत असतं. रोज तांब्याभर. विसरू नका."

१५ फेब्रुवारी, सोमवार

आकडा घेतलेला नाही.

दोन्ही बॅगा मी उचलल्या. शिवणयंत्र वायरमननं घेतलं. जिन्यात त्याच्या बायकोनं हिला मिठीच मारली आणि दोघी तिथं पाच मिनिटं उभ्या राहिल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, ते बरं झालं.

रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल झाला आहे. तीन आठवड्यांनी मी थांब्यापर्यंत आलो. फळांचं दुकान बंद झालंय आणि तिथं चष्म्याचं आलंय. म्हटलं, "हे कधी झालं?" ती म्हणाली, "दोन वर्षं झाली."

बसला वेळ होता. बाकावर बसलो. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी हीटर फुटला, ते बटण मीच चालू ठेवलं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"भांडले असते तर थांबावं लागलं असतं. भांडण अर्धं टाकून जाता येत नाही." तिनं शाल सारखी केली. "मला जायचं होतं."

बस आली. वाहकानं बॅगा टपावर टाकल्या, यंत्र तिनं मांडीवर घेतलं. खिडकीशी बसली. मी खाली उभा. काच बंद होती आणि आतून वाफ धरलेली, म्हणून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. नुसती शालीची कड दिसत होती. मी हात वर करून ठेवला. गाडी सुरू झाली तसं तिनं शालीच्या टोकानं काच पुसायला घेतली. मला वाटलं, माझ्यासाठी पुसतेय. मी दोन पावलं पुढं झालो, हात आणखी उंच केला.

तिला पुढचा रस्ता बघायचा होता.